शागालची भित्तिपत्रके व त्यांचे संदर्भग्रंथ : ‘मूळ’ या शब्दाचा विचार

१

भित्तिपत्रक हे जन्मतःच अल्पायुषी असते. एखाद्या प्रदर्शनाची, संगीतिकेच्या प्रयोगाची किंवा समुद्रकाठच्या शहराची वार्ता वाटसरूच्या नजरेस आणून द्यावी, एवढेच त्याचे प्रयोजन. ते संपले की कागद पावसाने भिजतो, उन्हाने विटतो किंवा त्याच्यावर दुसरा कागद डकविला जातो. ज्या थोड्या प्रती भिंतीपर्यंत न पोचता राहून जातात, त्या पुढे संग्राहकांच्या कपाटांत विखुरतात. यामुळे तैलचित्राचा अभ्यासक संग्रहालयाकडे वळतो, तर भित्तिपत्रकाच्या अभ्यासकाची गाठ प्रथम ग्रंथांशी पडते. मार्क शागाल (१८८७–१९८५) याच्यासारख्या आधुनिक चित्रकाराच्या शिलामुद्रित भित्तिपत्रकांविषयी ज्याला काही निश्चित विधान करावयाचे आहे, त्याला त्या विषयाच्या संदर्भग्रंथांचा संग्रह जवळ असल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

तथापि असा संग्रह करू लागणाऱ्यास लवकरच एक अडचण जाणवते. एकाच कागदाचे वर्णन एका ग्रंथात ‘मूळ’ म्हणून येते, दुसऱ्यात त्याला वेगळ्याच क्रमात बसविलेले असते, तर विक्रेत्याच्या यादीत तिसराच शब्द आढळतो. प्रथमदर्शनी ही हेळसांड वाटते. वास्तविक ती बहुतांशी हेळसांड नसून ‘मूळ’ या शब्दाच्या अर्थांतील भिन्नता होय. प्रत्येक सूचीकाराने तो शब्द आपल्या प्रयोजनानुसार योजिला आहे. म्हणून या विषयाचा संग्रह करताना एखादा ‘सर्वोत्तम’ ग्रंथ मिळविणे हे ध्येय पुरेसे ठरत नाही. परस्परांशी न जुळणारे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातील अंतर वाचता येणे, हे खरे ध्येय होय. या अंतरात कोणा एका कारागिराचे श्रेय लपलेले असते, आणि ते हरवण्याचा धोका वास्तव आहे.

२

शिलामुद्रणाची प्रक्रिया ध्यानात घेतल्याखेरीज हा वाद कळणार नाही. बव्हेरियातील आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शोधून काढले. त्याचे तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. सच्छिद्र चुनखडीच्या गुळगुळीत केलेल्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढावयाचे, त्यावर गोंद व आम्ल यांचा संस्कार करावयाचा, आणि मग शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. ओला भाग शाई नाकारतो, रेखाटलेला भाग ती धरून ठेवतो. शिळा कोरावी लागत नाही. चित्रकाराच्या हाताचा दाब, थरथर, खडूची भुकटी हे सर्व जसेच्या तसे कागदावर उतरते. चित्रकारांना हे तंत्र प्रिय झाले ते याच कारणाने.

महाराष्ट्राला हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून परिचित आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, आणि ‘शिळाछाप’, ‘शिळाप्रेस’ हे शब्द मराठीत तेव्हापासून रुळले. परंतु येथील प्रारंभीच्या शिळाछापात प्राधान्य होते ते अक्षराला. पॅरिसमध्ये ते लवकरच चित्राकडे गेले. ज्यूल शेरे याने १८६६ पासून पॅरिसमध्ये रंगीत शिलामुद्रित भित्तिपत्रके काढण्यास सुरुवात केली, आणि १८९१ मध्ये तुलूझ-लोत्रेक याच्या ‘मूलँ रूज’ या पहिल्याच भित्तिपत्रकाने रस्त्यावरील कागदाला चित्रकलेच्या इतिहासात जागा मिळवून दिली.

रंगीत शिलामुद्रणात सामान्यतः प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा किंवा जस्ताचा पत्रा लागतो. शिळेवरील चित्र कागदावर उलटे उमटते; म्हणून शिळेवर थेट काढावयाची अक्षरेही उलटी काढावी लागतात. हे टाळण्यासाठी विशिष्ट कागदावर सुलटे रेखाटून ते शिळेवर उतरविण्याचीही सोय आहे. शाई मळणे, रंग जुळविणे, शिळा बसविणे, यंत्र चालविणे ही कामे तर मुद्रकाचीच. म्हणजे शिलामुद्रित भित्तिपत्रक हे प्रथमपासून अनेक हातांचे कार्य आहे. चित्र एकाचे, अक्षरे दुसऱ्याची, रंगांची विभागणी तिसऱ्याची, असेही घडू शकते. ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला तैलचित्राच्या बाबतीत जे सरळ उत्तर मिळते, ते येथे मिळत नाही, ते यामुळेच.

३

शागालने पहिली शिलामुद्रिते केली ती बर्लिनमध्ये, १९२२–२३ च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो अमेरिकेत होता. ‘अरेबियन नाइट्स’मधील कथांवरची त्याची रंगीत शिलामुद्रिते १९४८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी तो फ्रान्सला परतला. त्यानंतर त्याचा संबंध आला तो पॅरिसमधील फेर्नां मूर्लो यांच्या मुद्रणशाळेशी. ही मुद्रणशाळा तोपर्यंत चित्रकारांचे तीर्थक्षेत्र बनली होती; पिकासोने १९४५ च्या नोव्हेंबरपासून तेथे शिळेवर काम सुरू केले होते. तेथेच शागालला शार्ल सॉर्लिए हा कारागीर भेटला. सॉर्लिएकडून शागालने रंगीत शिलामुद्रणाच्या अनेक खुब्या आत्मसात केल्या. तेरियाद याने १९६१ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘दाफ्नीस आणि क्लोए’ या ग्रंथातील ४२ रंगीत शिलामुद्रिते या सहकार्याची परिणती म्हणून दाखविता येतात.

या जोडीच्या कामाचे दोन प्रकार आहेत आणि ते कटाक्षाने वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्या प्रकारात शागाल स्वतः शिळेवर किंवा पत्र्यावर रेखाटतो, आणि सॉर्लिए व त्याचे सहकारी छपाईला साहाय्य करतात. दुसऱ्या प्रकारात शागालचे चित्र, जलरंगातले असो की छतावरचे असो, समोर ठेवून सॉर्लिए ते स्वतःच्या हाताने शिळांवर उतरवितो. शागाल ते पाहतो, सुधारणा सुचवितो व मान्यता देतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाला यांत्रिक प्रतिकृती म्हणणे अन्यायाचे होईल. छायाचित्राच्या साहाय्याने केलेल्या ऑफसेट-छपाईत कॅमेरा रंगांची फोड करतो; येथे ती फोड एका माणसाच्या डोळ्याने केलेली असते. कोणता निळा कोणत्या निळ्यावर पडला असता शागालचा निळा दिसेल, याचा निर्णय सॉर्लिएचा असतो. एखाद्या काव्याच्या समर्थ भाषांतराशी याची तुलना करणे गैर होणार नाही. फरक इतकाच की भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर येते, आणि सॉर्लिएचे नाव, जेथे येते तेथे, कागदाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत असते. चौकट बसविताना ही कडच बहुधा झाकली जाते.

४

‘मूळ भित्तिपत्रक’ ही संज्ञा वापरली जाते तेव्हा तिचे तीन अर्थ संभवतात, आणि ते क्वचितच स्पष्ट केलेले असतात.

पहिला अर्थ काळाचा. ज्या प्रसंगासाठी भित्तिपत्रक काढले त्याच प्रसंगी छापलेली प्रत ती मूळ. मागाहून काढलेली ती पुनर्मुद्रित. दुसरा अर्थ हाताचा. ज्या शिळेवरून छपाई झाली तिच्यावरचे रेखाटन चित्रकाराने स्वतः केले असेल तर ते मूळ. तिसरा अर्थ रचनेचा. ती आकृती भित्तिपत्रकासाठीच कल्पिलेली असेल, आधीच्या एखाद्या चित्रावरून घेतलेली नसेल, तर ती मूळ.

या तीन कसोट्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे उदाहरणांनी स्पष्ट होईल. फ्रान्समधील पर्यटनाच्या प्रचारासाठी १९६२ मध्ये निघालेले नीस शहराचे भित्तिपत्रक शागालच्या मूळ शिलामुद्रितांत गणले जाते. तेथे तिन्ही अर्थ एकत्र येतात. याउलट १९६४ चे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हे भित्तिपत्रक घ्यावे. पॅरिसच्या ऑपेरा-गृहाचे शागालने रंगविलेले छत १९६४ च्या सप्टेंबरमध्ये अनावृत झाले. त्या छताचाच एक भाग सॉर्लिएने शिळेवर उतरवून हे भित्तिपत्रक सिद्ध केले. काळाच्या दृष्टीने त्या वेळी छापलेली प्रत मूळच होय. हाताच्या आणि रचनेच्या दृष्टीने ती मूळ नव्हे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी निघालेल्या ‘कार्मेन’ व ‘द मॅजिक फ्लूट’ या भित्तिपत्रकांच्या बाबतीतही शिळेवरचा हात सॉर्लिएचाच आहे. मात्र त्यांनाच अनेकदा ‘शागालची मूळ शिलामुद्रिते’ असे सरसकट म्हटलेले आढळते.

पिकासोच्या कबुतराचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. हे शिलामुद्रित त्याने १९४९ च्या जानेवारीत स्वतंत्र मुद्राचित्र म्हणून केले. मूर्लोच्या सूचीत त्याचा क्रमांक १४१ आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे भरलेल्या शांतता-परिषदेच्या भित्तिपत्रकावर ते झळकले आणि जगभर प्रसिद्ध झाले. म्हणजे मुद्राचित्र एक आणि त्याच्या आधारे निघालेले भित्तिपत्रक दुसरे. दोहोंची नोंद एकाच क्रमांकाखाली करणारा अभ्यासक दोन वस्तूंना एक समजतो.

या गोंधळात भाषेचाही वाटा आहे. चित्रावरून दुसऱ्याने केलेल्या कामासाठी फ्रेंच सूचीकार ‘दाप्रे’ हे शब्दयोगी पद योजतात. इंग्रजीत त्याचे ‘आफ्टर’ होते. ‘आफ्टर शागाल’ हे वाचून ‘शागालनंतरचे’ असा कालवाचक अर्थ घेण्याची चूक सहज घडू शकते, कारण इंग्रजीत तोही अर्थ त्या शब्दाला आहेच. मराठीतील ‘-वरून’ या प्रत्ययात ही संदिग्धता नाही : ‘शागालच्या चित्रावरून सॉर्लिएने शिळेवर उतरविलेले’ असे म्हटले की चित्र कोणाचे आणि हात कोणाचा, हे दोन्ही एका वाक्यात स्पष्ट होते. मराठी नोंदी करताना परभाषेतील संक्षेप तसेच उचलण्यापेक्षा असे पूर्ण वाक्य लिहिणे श्रेयस्कर.

‘मूळ’ या शब्दाची व्याख्या करण्याचे प्रयत्न याच काळात झाले हा योगायोग नव्हे. १९६० मध्ये व्हिएन्ना येथील कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ मुद्राचित्राविषयी काही तत्त्वे मांडली, आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील प्रिंट कौन्सिलने तीन अटी सांगितल्या : शिळेवरील किंवा पत्र्यावरील आकृती चित्रकारानेच निर्माण केलेली असावी, छपाई त्याने स्वतः किंवा त्याच्या सूचनेनुसार झालेली असावी, आणि तयार प्रत त्याने मान्य केलेली असावी. या अटी लावल्या असता सॉर्लिएच्या हातचे काम दुसऱ्या व तिसऱ्या अटीत बसू शकते. अडते ते पहिलीपाशी. चित्रकाराची सही ही मात्र या अटींत नाही, हे महत्त्वाचे. सॉर्लिएने १९६४ मध्ये शिळेवर उतरविलेल्या ‘बारा वंश’ या मालिकेच्या प्रतींवर शागालची पेन्सिलीची सही आहे. त्या सहीने मान्यता सिद्ध होते, हात सिद्ध होत नाही.

५

आता प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळावयास हरकत नाही. शागालच्या भित्तिपत्रकांसाठी लागणाऱ्या ग्रंथांचे तीन वर्ग करता येतील.

पहिल्या वर्गात मुद्रकाने केलेला ग्रंथ येतो. फेर्नां मूर्लो यांचा पॅरिस-परंपरेतील थोर चित्रकारांच्या मूळ भित्तिपत्रकांवरील ग्रंथ मोंते कार्लोच्या आंद्रे सोरे या प्रकाशकाने १९५९ मध्ये काढला; त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये त्याची ‘आर्ट इन पोस्टर्स’ या नावाने इंग्रजी आवृत्ती निघाली. ब्राक, शागाल, द्युफी, लेजे, मातिस, मिरो आणि पिकासो अशा सात चित्रकारांचा त्यात समावेश आहे. ज्याच्या यंत्रांवर ही भित्तिपत्रके छापली गेली त्यानेच ती नोंदविली, हे या ग्रंथाचे बळ; आणि मुद्रकाच्या दृष्टीने जे ‘मूळ’ तेच त्याने मूळ मानले, ही त्याची मर्यादा. शीर्षकातील ‘मूळ’ हा शब्द वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी कोणत्या अर्थाने लागू पडतो, हे पान-पान तपासूनच ठरवावे लागते. शिवाय १९५९ नंतरची भित्तिपत्रके त्यात असणे शक्यच नाही, आणि शागालच्या भित्तिपत्रकांचा बहराचा काळ तर त्यानंतरचाच आहे.

दुसऱ्या वर्गात शागालच्या शिलामुद्रितांची समग्र सूची येते. ‘शागाल लिथोग्राफ’ या नावाचे तिचे सहा खंड १९६० ते १९८६ या काळात प्रसिद्ध झाले. पहिले खंड मूर्लो यांच्या नावाशी निगडित आहेत. पुढील खंडांची जबाबदारी सॉर्लिएने उचलली. १९२२ पासून १९८५ पर्यंतच्या कामाचा हा क्रमवार लेखा आहे. शागालच्या शिलामुद्रितांचा ‘मूर्लो क्रमांक’ म्हणून जो दिला जातो तो येथला. सॉर्लिएने शागालच्या चित्रांवरून केलेल्या कामांना मात्र या क्रमांकांच्या ओळीत बसविले जात नाही. त्यांच्यासाठी त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा, म्हणजे ‘सी. एस.’ असा, वेगळा क्रम वापरात आहे. क्रमांकाआधीची ही दोन अक्षरे वाचली नाहीत तर ‘हात कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर असूनही निसटते. सहा खंड मिळविणे ज्यांना परवडत नाही त्यांना १९९८ मध्ये उल्रिके गाउस यांनी संपादिलेला, सॉर्लिएच्या संग्रहावर आधारलेला एकखंडी ग्रंथ उपयुक्त आहे. शागालची शिलामुद्रिते एका ठिकाणी पाहण्याची सोय त्याने झाली. परंतु मूळ सहा खंडांची जागा तो पूर्णतः घेऊ शकत नाही, कारण जुन्या सर्व लेखनात संदर्भ दिले गेले ते सहा खंडांचे.

तिसऱ्या वर्गात केवळ भित्तिपत्रकांना वाहिलेली सूची येते. सॉर्लिएने सिद्ध केलेली शागालच्या भित्तिपत्रकांची सूची १९७५ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाली व तिची इंग्रजी आवृत्तीही निघाली. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की सूचीकार हाच अनेक भित्तिपत्रकांचा कारागीर आहे. आपल्या हातचे कोणते आणि शागालच्या हातचे कोणते, हे त्याच्याइतक्या अधिकाराने सांगणारा दुसरा कोणी नव्हता. त्याचबरोबर इतिहासाच्या शिस्तीत स्वतःच्या कामाविषयीची साक्ष ही साक्षच असते. तिला दुसऱ्या साक्षीची जोड हवी. ती मिळते मूर्लोच्या ग्रंथातून आणि प्रत्यक्ष कागदांच्या कडांवरून. मूर्लो यांच्या १९७९ च्या व सॉर्लिएच्या १९८५ च्या आठवणींची पुस्तकेही या संग्रहात असावीत. सूचीत ज्याला क्रमांक मिळतो त्याच्यामागील कार्यपद्धती अशा पुस्तकांतून कळते.

६

या ग्रंथांच्या संग्रहात आणखी एक गंभीर प्रश्न उभा राहतो. मोजावयाची वस्तू आणि मोजपट्टी ही सामान्यतः वेगळी असतात. येथे मात्र मोजपट्टीच वस्तू होऊन बाजारात आली आहे.

‘शागाल लिथोग्राफ’च्या खंडांत शागालने खास त्या ग्रंथांसाठी केलेली मूळ शिलामुद्रिते बांधलेली आहेत, आरंभीच्या खंडांचे वेष्टनदेखील शिलामुद्रित आहे. साहजिकच ही पाने सुटी काढून, चौकटीत बसवून विकली जाऊ लागली. ग्रंथ फोडणाऱ्याला एका ग्रंथातून अनेक ‘शागाल’ मिळतात. मूर्लोच्या १९५९ च्या ग्रंथाची गत तर विचित्रच. त्यातील भित्तिपत्रकांची लहान आकाराची चित्रे मूर्लोच्या मुद्रणशाळेतच शिलामुद्रणाने छापली गेली. म्हणून त्यातले पान फाडून ‘मूळ शिलामुद्रित, मूर्लो, पॅरिस, १९५९’ असे वर्णन करणाऱ्याच्या वर्णनातील प्रत्येक शब्द सुटा घेतला तर समर्थनीय ठरतो, आणि एकत्र घेतला तर वाचणाऱ्याची फसगत होते. ते पान शिलामुद्रित आहे हे खरे; मूर्लोने छापले हेही खरे; परंतु ते भित्तिपत्रक नव्हे, भित्तिपत्रकाचे ग्रंथातील चित्र होय. भिंतीवर लागण्यासाठी ते कधी छापलेच नव्हते. अशा वेळी पहिली कसोटी आकाराची : पुस्तकाच्या पानाएवढा कागद दिसला की तो ग्रंथातून आला असावा, असा संशय धरावा.

ग्रंथ फोडण्याचे दुष्परिणाम दोन प्रकारचे आहेत. एक तर अखंड प्रती दुर्मीळ होत जातात. दुसरे असे की, ज्या ग्रंथावरून सुट्या पानाची ओळख पटवावयाची तो ग्रंथच नाहीसा होतो आणि पान मात्र बेवारशी फिरत राहते. त्याची चौकट जितकी देखणी, तितकी त्याची उत्पत्ती अंधारात.

या परिस्थितीत विद्यापीठीय ग्रंथालयाने काय करावे? शिलामुद्रिते काढून घेतलेला खंड पुष्कळ स्वस्त मिळतो, आणि सूची, क्रमांक, मापे, प्रतसंख्या ही अभ्यासाची सामग्री त्यात शाबूत असते. असा खंड घेणे म्हणजे ग्रंथ फोडणाऱ्याला उत्तेजन देणे होय, असा आक्षेप घेता येईल. परंतु लूट झाली ती पानांची; उरलेला मजकूरही रद्दीत जाऊ देण्याने ती लूट भरून निघत नाही. म्हणून अपूर्ण खंड घेण्यास हरकत नसावी, मात्र दोन अटींवर : नोंदवहीत ‘अपूर्ण’ असा स्पष्ट शेरा असावा व कोणती पाने नाहीत त्यांची यादी ग्रंथाच्या आतल्या बाजूस चिकटवावी, आणि एकदा अखंड प्रत हाती आली की तिची बांधणी कोणत्याही प्रदर्शनासाठी उसवू नये.

७

संग्रहाचा उपयोग व्हावयाचा असेल तर ग्रंथांची संख्या वाढविण्याइतकेच महत्त्व तुल्यता-कोष्टकाला आहे. प्रत्येक भित्तिपत्रकासाठी एक नोंदपत्र करावे व त्यात पुढील बाबी स्वतंत्र रकान्यांत घ्याव्यात : प्रसंग व वर्ष, शिळेवरचा हात, रचनेचा उगम, म्हणजे स्वतंत्र रचना की पूर्वीच्या चित्रावरून, अक्षरांची रचना, मुद्रणशाळा, कागदाच्या कडेवरील छापील मजकूर जसाच्या तसा, मूर्लो, ‘सी. एस.’ व भित्तिपत्रक-सूची यांतील क्रमांक. आणि सूचीकारांत मतभेद असल्यास तो. अक्षरे छापण्यापूर्वीच्या, म्हणजे ‘अक्षरपूर्व’, प्रती निघाल्या असल्यास त्यांची नोंद वेगळी करावी. चांगल्या कागदावर काढलेल्या व सही केलेल्या अशा प्रतींना संग्राहक अधिक मान देतात. परंतु भित्तिपत्रकाच्या इतिहासाच्या दृष्टीने, ज्यावर प्रसंग, स्थळ व तारीख यांची अक्षरे आहेत, तीच प्रत अधिक बोलकी. अक्षर गेले की भित्तिपत्रकाचे चित्र होते, आणि ते कशासाठी काढले होते हे सांगणारा साक्षीदार जातो.

‘मूळ’ हा एकच शब्द लिहिण्याचा रकाना या नोंदपत्रात मुद्दाम ठेवलेला नाही. त्याच्या जागी काळ, हात आणि रचना असे तीन रकाने आले की बहुतेक वाद वाद राहत नाहीत. ते तीन वेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरे असल्याचे दिसून येते. आंतरजालावरील छायाचित्रे या कामी मदत करतात, तथापि ती बहुधा कडा कापून दिलेली असतात. ज्या कडेवर मुद्रकाचे व कारागिराचे नाव असावयाचे तीच चित्रात नसेल तर छायाचित्र कितीही स्वच्छ असले तरी अपुरेच.

८

पॅरिसमधील या कागदांचा इतका सूक्ष्म विचार मराठी अभ्यासकाने का करावा, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्याचे उत्तर मराठी घरांच्या भिंतींवर आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची मालकी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आली. पुण्यातील चित्रशाळेची स्थापना तर त्याआधीच, १८७८ मध्ये, झाली होती. या छापखान्यांच्या रंगीत शिळाछाप तसबिरी घरोघर पोचल्या. लक्ष्मी-सरस्वतीच्या अशा तसबिरीला ‘रविवर्म्याचे चित्र’ असे म्हणण्याचा परिपाठ आजही आहे.

शागालच्या भित्तिपत्रकांना लावलेले तीन प्रश्न या तसबिरीला लावून पाहावेत. रचना रविवर्म्याची असेल. शिळांवरचा हात कोणाचा? रंगांची फोड कोणी केली? छपाई रविवर्म्याच्या हयातीतली की मालकी बदलल्यानंतरची? चित्रकाराचे नाव तसबिरीवर छापलेले असते, पण छापलेले नाव हे या तीन प्रश्नांपैकी एकाचेही निर्णायक उत्तर नव्हे. सॉर्लिएला निदान स्वतःची सूची लिहावयास मिळाली, आणि त्याच्या नावाची दोन अक्षरे क्रमांकापुढे टिकून राहिली. मुंबई, पुणे व मळवली येथे ज्या कारागिरांनी शिळेवर देवतांचे चेहरे उतरविले त्यांच्या हाताची अशी नोंद सहसा झालेली नाही. मळवलीच्या छापखान्याचे १९७२ मध्ये आगीत मोठे नुकसान झाल्याने तर पुराव्याची बाजू अधिकच दुबळी झाली.

म्हणून शागालच्या भित्तिपत्रकांवरील ग्रंथांचा संग्रह हा केवळ एका परकीय चित्रकाराच्या गौरवाचा विषय ठरत नाही. मुद्रक, चित्रकार व कारागीर यांचे श्रेय वेगवेगळे कसे नोंदवावे, याचा एक तयार नमुना त्यात आहे, त्याच्या गुणांसह आणि उणिवांसह. मूर्लोचा १९५९ चा ग्रंथ, सहा खंडांची सूची आणि सॉर्लिएची १९७५ ची भित्तिपत्रक-सूची ही तीन साधने प्रथम मिळवावीत; अखंड मिळाली तर उत्तम, अपूर्ण मिळाली तर तशी नोंद करून. त्यांच्या आधारे वर सांगितलेले नोंदपत्र शंभर-दोनशे कागदांना लावून त्याची उपयुक्तता पारखावी, आणि मग तेच नोंदपत्र घेऊन मराठी शिळाछाप तसबिरींकडे वळावे. त्या तसबिरींच्या चौकटी अजून जुन्या वाड्यांतून उतरत आहेत, कडा कापल्या जात आहेत, आणि कडेवर असलेला मजकूर वाचून ठेवण्यास फार अवधी उरलेला नाही.